वडाचे भावंड

नाशिकहून वणीकडे जाणारा रस्ता दिंडोरीवरून जातो. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीच्या गडावर निघालेले यात्रेकरू या रस्त्याने पायी चालतात. ऊन चढले, पाय भाजू लागले, म्हणजे वाटेवरच्या एखाद्या वडाखाली ते क्षणभर टेकतात. त्या वडाला कोणी पाणी घातलेले नसते, कोणी खत दिलेले नसते, की त्याची कधी कोणी विचारपूस केलेली नसते. तरीही पुष्कळ माणसांना पुरेल एवढी सावली धरून तो उभा असतो. ओढ्याकाठचा उंबरही असाच. जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ तर पाहतच राहावा. मुळाशी चिमूटभर माती, भिंतीत मुरेल तेवढेच पाणी. आणि तरी त्याची तांबूस कोवळी पाने वाऱ्यावर सळसळत असतात.

वड, पिंपळ, उंबर आणि पाईर ही झाडे दिसायला निरनिराळी असली, तरी ती एकाच घराण्यातील होत. यांपैकी कोणाचेही पान तोडा, देठातून दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो. यांची फुलेही सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, ते यामुळेच. उंबराला फुले येत नाहीत असे नाही. ती पुष्कळ येतात. परंतु ज्याला आपण फळ समजतो, त्याच्या पोटात ती दडलेली असतात. आपण आवडीने खातो ते अंजीरही याच घराण्यातले. जगाच्या उष्ण प्रदेशांत या घराण्यातील ८०० हून अधिक जाती आढळतात.

या मोठ्या घराण्यातील एक भावंड अलीकडे शहरांतील आणि गावांतील घरांत राहावयास आले आहे. त्याचे नाव रबराचे झाड. त्याची पाने वीतभर लांब, जाड आणि तेल लावल्यासारखी चकचकीत असतात. नवे पान येताना ते तांबड्या टोकदार वेष्टनात गुंडाळलेले असते. वेष्टन गळून पडते आणि आतून कोवळे पान हळूहळू उलगडते. हे दृश्य असे मोहक असते, की एकदा पाहिलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या झाडाजवळ जाऊन उभा राहतो.

परंतु रस्त्यावरचा वड आणि कुंडीतले हे झाड यांच्यात एक मोठा फरक आहे. वडाची मुळे जमिनीत दूरवर जाऊन आपले पाणी आपण शोधतात. कुंडीतल्या झाडाला तसे कोठेही जाता येत नाही. त्याची सारी जमीन म्हणजे घमेलेभर माती. त्याचा पाऊस म्हणजे आपल्या हातातील तांब्या. त्याचा सूर्य म्हणजे आपण उघडू तेवढी खिडकी. ज्या दिवशी आपण ते घरात आणतो, त्या दिवसापासून त्याचे जगणे आपल्या हाती येते.

दिंडोरीतील एका द्राक्षबागायतदाराच्या घरी असेच एक रबराचे झाड आले. पावसाळ्याच्या आरंभी वडील कामानिमित्त नाशिकला गेले होते. तेथील एका रोपवाटिकेतून त्यांनी ते आणले. झाड कमरेएवढे उंच होते आणि त्याला अकरा पाने होती. सातवीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ती घरात येताच मोजली. “हे झाड माझे,” असे तिने सर्वांना सांगून टाकले. वडील हसून म्हणाले, “तुझे असेल, तर त्याचे सारे तुलाच पाहावे लागेल.”

मुलीने ते मनापासून केले. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या तिवईवर तिने कुंडी ठेवली. खाली पाणी सांडू नये म्हणून पितळेची परात ठेवली. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ती झाडाला तांब्याभर पाणी घाली आणि संध्याकाळी आल्यावर आणखी तांब्याभर घाली. घरी कोणी पाहुणे आले, की ती कुंडी उचलून ओसरीवर आणी आणि ते गेल्यावर पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवी. झाडाची एवढी काळजी गावात दुसरे कोणी घेत नसेल, असे तिला वाटत असे.

श्रावणात खालचे एक पान पिवळे पडले. दोन दिवसांनी ते गळाले. मग दुसरे पिवळे पडले, तिसरे पडले. वरची पाने हिरवी होती, पण तीही मान टाकल्यासारखी खाली झुकली. कोमेजलेले झाड म्हणजे तहानलेले झाड, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने दुपारचाही एक तांब्या सुरू केला. महिना संपता संपता अकरा पानांपैकी पाचच उरली. त्या संध्याकाळी ती कुंडीजवळ बसून मुकाट्याने रडत होती.

आजोबांनी ते पाहिले. त्यांचे सारे आयुष्य द्राक्षाच्या बागेत गेले होते. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, वेलींवरचे रोग, थंडी आणि अवकाळी पाऊस हे सारे त्यांनी पाहिले होते. रबराच्या झाडाची मात्र त्यांना माहिती नव्हती. त्यांनी पानाला हात लावला नाही. प्रथम त्यांनी कुंडीतील मातीत बोट घातले आणि ते नाकाजवळ नेले.

“आजोबा, याला आणखी पाणी हवे का?” मुलीने विचारले.

आजोबांनी उलट प्रश्न केला, “भाद्रपदात पाऊस थांबेना, म्हणजे आपण बागेत काय करतो?”

“चर खणून पाणी बाहेर काढतो.”

“ते कशासाठी?”

“वेलींची मुळे कुजू नयेत म्हणून.”

“मग या कुंडीतला चर कोठे आहे, ते दाखव पाहू.”

मुलीने कुंडी तिरकी करून पाहिली. तळाचे भोक चिकट मातीने पार बुजून गेले होते आणि परातीत बोटभर पाणी साचलेले होते.

आजोबांनी झाड अंगणात नेले आणि कुंडीतून अलगद बाहेर काढले. कुबट वास आला. द्राक्षाच्या बागेत वेलीचा बोद उकरून पांढरी मुळी आहे की नाही, हे पाहण्याची शेतकऱ्यांची रीत आहे. पांढरी, टणक मुळी म्हणजे जिवंत मुळी. आजोबांनी तीच परीक्षा येथे केली. बरीच मुळे काळी, मऊ झाली होती आणि बोटाने दाबताच त्यांची साल निसटून येत होती. पांढरी मुळे मोजकीच राहिली होती.

“बघ,” ते म्हणाले, “मूळ हे झाडाचे तोंड आहे, तसे ते त्याचे नाकही आहे. मातीच्या कणांच्या मधे पोकळी असते. त्या पोकळीत हवा खेळते. तीत सदा पाणीच भरून राहिले, तर मूळ गुदमरते. गुदमरले की कुजते. कुजलेल्या मुळाला पाणी वर चढवता येत नाही. म्हणून हे झाड पाण्यात उभे राहून तहानेने कोमेजले आहे.”

मुलगी चकित झाली. कमी पाण्याने झाड मान टाकते आणि जास्त पाण्यानेही मान टाकते. दोन्ही दुखणी वरून सारखीच दिसतात. पानाकडे पाहून नुसता तर्क केला, की औषध म्हणून आपण नेमके विषच देतो. खरे काय ते मातीत बोट घातल्यावरच कळते.

आजोबांनी धारदार कात्रीने कुजकी मुळे कापून टाकली. कापलेल्या जागी चीक आला, तेव्हा त्यांनी मुलीला तो अंगाला लावू दिला नाही. हा चीक डोळ्यांत गेल्यास आग होते आणि काहींच्या कातडीलाही तो सोसत नाही. म्हणून काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावे लागतात. मग त्यांनी नवी माती तयार केली. शेतातील काळी माती पाणी फार धरून ठेवते. ओली असताना ती फुगते आणि सुकली की तिला भेगा पडतात. उघड्या शेतात तिचा हा गुण उपयोगी पडतो. कुंडीत मात्र तो घातक ठरतो. म्हणून त्यांनी तांबडी माती, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत एकत्र केले. कुंडीच्या भोकावर फुटक्या कौलाचा उपडा तुकडा ठेवला, म्हणजे पाणी वाहून जावे आणि माती मात्र जाऊ नये. झाड लावून झाल्यावर त्यांनी पाणी घातले आणि ते भोकातून निथळून जाईपर्यंत सारे जण पाहत उभे राहिले.

“आता वरची माती दोन पेरे खोल कोरडी लागेपर्यंत थेंबभरही घालायचे नाही,” आजोबांनी बजावले.

पाणी घालणे सोपे होते. न घालणे फार कठीण गेले. मुलगी रोज सकाळी मातीत बोट घाली. ओल लागली, की रिकाम्या हाताने परत येई. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यासाठी काही न करता थांबणे हीही एक सेवा आहे, हे तिला हळूहळू उमगू लागले. आठवडा गेला, दुसरा गेला. आणखी एक पान गळाले. झाड जगेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

याच दिवसांत शाळेत भूगोलाच्या तासाला मेघालयाचा पाठ चालला होता. बाई सांगत होत्या, की खासी टेकड्यांवर चेरापुंजी आणि मौसिनराम येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात तेथील नद्या एवढ्या फुगतात, की लाकडी साकव टिकत नाहीत. म्हणून खासी आणि जैंतिया लोकांनी एक युक्ती शोधून काढली. नदीकाठच्या झाडाची वरून लोंबणारी मुळे ते पैलतीराकडे वळवतात, एकमेकांत गुंफतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निगा राखतात. त्या मुळांचाच पूल बनतो. माणसांचा भार पेलण्याजोगा तो होण्यास अनेक वर्षे लागतात. पण झाड जिवंत असेपर्यंत तो दिवसेंदिवस बळकट होत जातो. नोंगरियाट या गावी तर एकावर एक असे दोन पूल आहेत. २०२२ मध्ये या पुलांच्या प्रदेशाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घालण्यात आले.

“आणि हे झाड कोणते?” बाईंनी फळ्यावर नाव लिहिले, “रबराचे झाड.”

मुलगी दचकली. जे झाड चेरापुंजीच्या पावसात पूल होऊन उभे राहते, ते आपल्या घरी तीन तांबे पाण्याने कसे बुडाले? तास संपल्यावर तिने बाईंना हाच प्रश्न विचारला.

बाईंनी समजावून सांगितले, “तेथे पाऊस कोसळतो खरा, पण डोंगरउतारावरून तो वाहून जातो. शिवाय रानात या झाडाचे बी पुष्कळदा जमिनीवर रुजतच नाही. पक्ष्याने टाकलेले बी एखाद्या उंच झाडाच्या बेचक्यात पडते. तेथेच ते उगवते. पाऊस आला की मुळे न्हाऊन निघतात आणि लगेच वाऱ्याने सुकतात. पुढे ही मुळे खाली उतरून जमीन गाठतात. या झाडाला पाणी पुष्कळ चालते. साचलेले पाणी मात्र त्याला ठाऊकच नाही.”

त्या दिवशी मुलगी घरी आली, ती एक नवे डोळे घेऊनच. झाडाच्या मूळ घराचा विचार करताच त्याच्या साऱ्या सवयींचा अर्थ तिला लागू लागला. लहानपणी ते मोठ्या झाडांच्या पर्णछायेत वाढते. म्हणून त्याला उजेड भरपूर लागतो, पण वैशाखातील थेट ऊन त्याची पाने करपवते. अंधारा कोपरा तर त्याला मुळीच नको. तिने कुंडी कोपऱ्यातून काढून पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवली. झाडाला आपली जागा सोडून हिंडण्याची सवय नसते. आज ओसरी, उद्या कोपरा असे केले, की उजेड आणि हवा बदलते आणि ते पाने गाळून बसते. म्हणून पाहुण्यांसाठी कुंडी हलवणे तिने बंद केले. पाहुणेच खिडकीपाशी जाऊ लागले. एकाच बाजूने उजेड येत असल्यामुळे झाड तिकडे झुके. तेवढ्यासाठी ती पंधरा दिवसांनी कुंडी जागच्या जागी थोडी फिरवी.

रानातल्या पानांवर धूळ बसली, तर ती पावसाने धुऊन जाते. घरात पाऊस येत नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात आणि मोठाल्या पानांवर धुळीचा थर बसे. हिरवे पान उजेडाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करते. त्यावर धूळ बसली, की तेवढा उजेड अडतो. म्हणून दर रविवारी मुलगी पानाखाली डावा तळहात धरी आणि ओल्या मऊ फडक्याने ते पुसून काढी. पाने चकाकावीत म्हणून तेल लावण्याचा सल्ला शेजारच्या काकूंनी दिला होता. परंतु तेलावर धूळ अधिकच चिकटते, असे आजोबांनी सांगितले आणि तो विचार सोडून दिला गेला.

आश्विनात एके सकाळी शेंड्यावरचे तांबडे टोक किंचित लांबलेले दिसले. मुलीने कोणाला काही सांगितले नाही. चार दिवसांनी वेष्टन सैल झाले आणि त्याच्या आडून नवे पान डोकावले. तेव्हा कोठे तिने आजोबांना हाक मारली. आजोबांनी चष्मा लावून पान पाहिले आणि म्हणाले, “खाली पांढरी मुळी चालू झाली. वर पान फुटले, त्या अर्थी खाली मूळ फुटलेच असले पाहिजे.”

पुढे थंडी आली. नाशिक जिल्ह्यात पौषातील रात्री फार गारठ्याच्या असतात. शेजारच्या निफाड तालुक्यात तर पारा अनेकदा पाच अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री बागायतदार द्राक्षमण्यांना थंडीचा कडाका लागू नये म्हणून बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. रबराच्या झाडालाही असा गारठा सोसत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत मुलगी रात्री खिडकीची झडप आठवणीने लावून घेई. हिवाळ्यात झाडाची वाढ मंदावते आणि माती लवकर सुकत नाही; तेव्हा पाण्याची पाळी आठवडा-दीड आठवड्यावर जाई. उन्हाळ्यात तीच पाळी दोन-तीन दिवसांवर येई. याचे वेळापत्रक तिने भिंतीवर कधी लिहिले नाही. माती जे सांगेल, तेच तिचे वेळापत्रक झाले.

तीन वर्षे गेली. झाडाचा शेंडा छताला टेकू लागला. घरातले छत काही मेघालयातले आकाश नव्हे. शेंडा कापणे भागच होते. मुलीच्या मनाला ते बरे वाटेना. तेव्हा आजोबा म्हणाले, “द्राक्षाची वेल दर वर्षी दोनदा छाटतो, म्हणून ती मरते का? कापायचेच, तर वाया जाणार नाही असे कापू.”

आषाढात त्यांनी शेंड्याखाली गुटी बांधली. फांदीची अंगठीसारखी बोटभर रुंद साल गोलाकार काढली, चीक पुसून घेतला, त्या जागी ओले शेवाळ गुंडाळले आणि वरून प्लॅस्टिकचा कागद बांधून दोन्ही टोके सुतळीने घट्ट आवळली. सुमारे दीड महिन्याने शेवाळातून पांढरी मुळे बाहेर डोकावू लागली. ती पाहून मुलगी आपण होऊन म्हणाली, “पांढरी मुळी!” गुटीच्या खाली शेंडा कापण्यात आला आणि तो छोट्या कुंडीत लावण्यात आला. एका झाडाची आता दोन झाडे झाली.

ते नवे झाड मुलीने आपल्या वर्गातल्या मैत्रिणीला दिले. मैत्रीण अतिशय आनंदली. कुंडी उराशी धरून तिने विचारले, “याला रोज किती तांबे पाणी घालू?”

मुलगी क्षणभर थांबली. आपणही असेच विचारले असते, हे तिला आठवले असावे. “ते मला विचारू नकोस,” ती म्हणाली. “मातीत बोट घाल आणि मातीलाच विचार. पण त्याआधी ये, हे झाड कोठून आले आहे, ते तुला सांगते.”

दोघी खिडकीजवळच्या पायरीवर बसल्या आणि मेघालयातील पावसाची, उंच झाडाच्या बेचक्याची आणि मुळांच्या पुलाची गोष्ट सुरू झाली. त्यांच्यामागे खिडकीत मूळ झाड उभे होते. त्याचा शेंडा गेला होता. परंतु कापलेल्या जागेच्या जरा खाली, दोन बाजूंना, तांबडे दोन कोंब फुटू लागले होते.